सचिवाचा नियम

हंसाबाई आपले दोन एकर करून उरलेले दिवस कापूस उत्पादक संघाच्या सचिवाच्या वावरात राबायची. तरी संघाच्या शेतकऱ्यांच्या रजिस्टरातलं तिचं नाव त्यानं भर रांगेत लाल पेननं खोडलं. "बाई कायची कास्तकार?" म्हणत तो हसला. आईचा पदर धरून उभ्या असलेल्या वर्षाच्या काळजात ते हसू रुतून बसलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, बोंडअळीनं कापूस बुडवला त्या साली, संघाचा डेटाबेस बनवायला कॉम्प्युटर शिकलेली वर्षाच आली. नियम ठरल्याशिवाय काम सुरू होत नाही, म्हणून तिनं गोड आवाजात विचारलं, "साहेब, कास्तकार कोनाले म्हनायचं?"

"वावरात जो राबते त्याले! लिही."

तिनं लिहिलं, खाली त्याची सही घेतली. मग प्रत्येक वावरात कोणी पेरलं, कोणी निंदलं, कोणी वेचलं, ते गावभर विचारून भरलं.

संघाच्या सभेत पडदा लागला. सचिवानं ऐटीत आपल्या नऊ एकरांचा गट नंबर सांगितला. वर्षानं बटण दाबलं.

कास्तकार: हंसाबाई धावजी राठोड.



वर्षानं लाल पेन त्याच्यापुढं सरकवला. "घ्या साहेब, खोडा."