दुसऱ्या नंबरची लाइन

चिठ्ठ्या नावासकट वाचल्या जाणार आहेत, हे रवींद्रला डब्याचं झाकण लागल्यावर कळलं.

सौंसरच्या शाळेचा हॉल. पाच टेबलांवर पाच जणांनी घरी बसून, हातानं केलेल्या लहानशा रेल्वे मांडलेल्या. रूळ, पूल, स्टेशनं, बोटाएवढे सिग्नल. सकाळपासून पोरं आणि त्यांचे आईबाप पाहून जात होते. आता चार वाजले होते आणि प्रदर्शन भरवणाऱ्या अपर्णा मॅडम स्टीलचा डबा घेऊन समोर उभ्या होत्या. नियम त्यांचाच. पहिली आवड ज्याची त्याची स्वतःचीच रेल्वे असणार, ती काय मोजायची? म्हणून पाचही जणांनी आपल्या दुसऱ्या आवडीची रेल्वे चिठ्ठीवर लिहायची. जिला जास्त चिठ्ठ्या, ती नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार. खाली नावही लिहायला सांगितलं होतं, पण ते कोणी दोनदा लिहू नये म्हणून असेल, असं रवींद्रला वाटलं होतं.

शेजारच्या खुर्चीवर उत्तम बसला होता. पांढुर्ण्याला विजेच्या सामानाचं दुकान, आणि टेबलावर पांढुर्ण्याचीच मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज. सकाळी टेम्पोतून आपलं सामान उतरवलं आणि ते तसंच ठेवून तो आधी रवींद्रच्या टेबलाखाली शिरला होता. रवींद्रच्या छोट्या लाइनचं, नॅरोगेजचं इंजिन जागचं हलत नव्हतं. उत्तमनं तासभर उताणं पडून वायरी जोडल्या. शर्टाच्या पाठीवर अजून फरशीची धूळ होती.

रवींद्र उठला. माठाशी जाऊन पाणी प्यायला, परत येऊन बसला, पुन्हा उठला.

"मॅडम, नुसते आकडे सांगा न. नावं काहून पाह्यजेत?"

"सर, मुलांना मजा येते. राहू द्या."

"माह्या चिठ्ठीत जरा खाडाखोड करायची राहिली होती."

"आता काय खोडता, डबा उघडतेच आहे मी."

"बस न मास्तर," उत्तम मागून हसत म्हणाला. "काहून येवढा तळमळून राहिला? पास होशीन तू."

रवींद्र बसला. पायातली चप्पल काढली, घातली.

पहिली चिठ्ठी उत्तमचीच निघाली. दुसरी आवड, रवींद्र सरांची सौंसरची छोटी लाइन. उत्तमनं रवींद्रच्या मांडीवर थाप मारली. "रामाकोन्याच्या पुलावर ते इंजिन कसं दमानं जाते," तो हळूच म्हणाला. "पाहून बरं वाटते लेका."

दुसरी चिठ्ठी उर्वशीची. बोरगावची कॉलेजातली पोरगी, तिनं आइस्क्रीमच्या काड्यांची उटीची डोंगररेल्वे केली होती. तिनं उत्तमचं नाव लिहिलं होतं. उरलेल्या दोघांपैकी श्रावणनं उर्वशीचं. भूपेंद्रनं श्रावणचं. चार चिठ्ठ्या, चार वेगळी नावं. पोरं पुढं सरकली. डब्यात एकच चिठ्ठी उरली आणि ती कोणाची, हे हॉलमधल्या सगळ्यांना कळत होतं.

उत्तमनं गळ्याजवळचं बटण लावलं. शर्ट खाली ओढून नीट केला आणि खुर्चीच्या काठावर आला.

"रवींद्र सर," अपर्णा मॅडमनी वाचलं. "दुसरी आवड, उर्वशीची उटीची रेल्वे."

टाळ्या वाजल्या. उर्वशीनं दोन्ही हात तोंडावर धरले. उत्तमनंही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरानं, आणि इतरांच्या थांबल्यावरही दोन-तीन वाजवल्या.

पाच वाजता हॉल रिकामा होऊ लागला. उत्तम आपल्या टेबलावरचे रूळ सुटे करत होता. रवींद्र न सांगता तिथं येऊन गाड्यांचे डबे पुसायला लागला. एक डबा हातातून निसटला, फरशीवर पडला. उत्तमनं तो उचलला, चाकं फिरवून पाहिली आणि खोक्यात ठेवला.

त्याचा फोन वाजला. हैदराबादहून त्याचा मुलगा सौरभ.

"नाही रे, बोरगावच्या पोरीचा नंबर लागला... चांगलीच होती तिची रेल्वे... तू कवा येशीन?... बरं. बरं. काम असन तं राहू दे." फोन खिशात घालून तो पुन्हा रूळ सोडवू लागला.

"उत्तम, बोल न काही," रवींद्र म्हणाला.

"काय बोलू? तुले जे आवडलं ते तू लिहिलं."

"तसं नाही."

"मंग सांग. काहून नाही दिलं मले?"

काहीतरी गोड सांगता आलं असतं. रवींद्रनं दाराकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. तीस वर्षांत या माणसाशी तो कधी खोटं बोलला नव्हता आणि आज ते जमेल असंही वाटेना.

"तुह्या आठ गाड्या हाय. एक्स्प्रेस, मालगाडी, सगळ्या. पन पांढुर्ण्याले एकबी थांबत नाही. सकाळपासून पाहून राहिलो. येते अन् धाडधाड निघून जाते. खऱ्या पांढुर्ण्याले तं थांबतात गाड्या. तुह्या टेबलापाशी उभं राहिलं का मले जीव थाऱ्यावर नाही राहत."

उत्तमनं वायरचं भेंडोळं पुरतं गुंडाळलं, त्याला गाठ मारली. मग पांढुर्ण्याचं स्टेशन उचललं. पुठ्ठ्याचं, वीतभर. ते वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "सुरुवातीले थांबवत होतो मी."

"मंग?"

"गाडी थांबली का मानूस फलाटाकडं पाहत बसते न मास्तर, कोन उतरते म्हनून."