सैल चिमटे

पांढरा शर्ट पुन्हा चिखलात पडला. दोरीवरच्या साळुंकीने मान तिरपी करून खाली पाहिले, चोचीतला चिमटा टाकून दिला आणि ती शेजारच्या बनियनकडे सरकली. तिच्या डोक्यावरची पिसे गेलेली होती, पण चालण्यात मुकादमाचा तोरा होता. तपासनिसांनी खिडकीची काच ठोठावली. साळुंकीने ढुंकूनही पाहिले नाही.

मागे खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले होते. ऐट बघा, म्हणाली, अगदी तुमच्या जुन्या साहेबांसारखी. तपासनिसांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. शर्ट त्यांचा होता.

आयुष्यभर त्यांनी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासले होते. माप बसले की 'पास', न बसले की 'नापास'. कामावर याहून अधिक ते बोलत नसत, म्हणून कामगारांनी त्यांचे नावच 'पास-नापास' ठेवले होते. निवृत्तीनंतर घर हाच त्यांचा विभाग झाला, आणि या विभागात बरेच काही नापास होते. पत्नी बरण्यांची झाकणे नुसती टेकवून ठेवी. बोलले तर म्हणे, तुम्ही आवळलेलं झाकण उघडायला पहिलवान बोलवावा लागतो. कपड्यांचे चिमटे ती डब्यात न ठेवता मागच्या पायरीच्या जाड कठड्याला लावून ठेवी. असे दिवसरात्र जबडा वासून राहिल्यावर स्प्रिंग सैल पडणारच, हे त्यांनी तिला आकृती काढून समजावले होते. तिने आकृती लक्षपूर्वक पाहिली, मान डोलावली आणि चिमटे पुन्हा कठड्यालाच लावले.

साळुंकीची कार्यपद्धती त्यांनी खिडकीआडून नीट अभ्यासली. ती मिटलेली चोच चिमट्याच्या फटीत खुपसत असे आणि आत गेल्यावर उघडत असे. म्हणजे मूळ दोष पक्ष्याचा नव्हता, स्प्रिंगचा होता. त्यांनी कामाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला, पोलादी तारेच्या नव्या स्प्रिंगा वळल्या, प्रत्येक चिमट्याला बसवल्या आणि जुन्या भंगारात टाकल्या.

सकाळी कपडे त्यांनी स्वतः वाळत घातले. साळुंकी आली. तिने चोच खुपसली, जोर लावला, पुन्हा लावला, घसरली आणि टॉवेलला उलटी लोंबकळली. मग दोरीवर चढून तिने येतील तेवढ्या आवाजांत सगळ्या घराला शिव्या घातल्या. तपासनिसांना फार दिवसांनी कामावर असल्यासारखे वाटले. त्यांनी मागे वळून पाहिले. पत्नी या वेळी हसली नव्हती. "बिचारी," एवढे म्हणून ती आत गेली.

त्यानंतर दोरी रिकामी राहू लागली. ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, पलंगाच्या कडांवर दिसू लागले. घरभर कुबट वास सुटला. वाळत घालते नंतर, असे पत्नी म्हणे, आणि तो 'नंतर' उजाडत नसे. तपासनिसांनी निष्कर्ष काढला की तिने त्या टकल्या साळुंकीच्या बाजूने संप पुकारला आहे. त्यांनी समजावले, मग टोमणे मारले. शेवटी जेवायच्या खुर्चीवर ओली चादर सापडली तेव्हा त्यांचा तोल गेला. चिमट्यांची टोपली त्यांनी तिच्यासमोर आदळली.

"एका पाखरासाठी घरादाराला वेठीला धरलंयस. चिमटे आहेत, दोरी आहे, ऊन आहे. तुझी अडचण तरी काय आहे?"

तिने टोपलीतून एक चिमटा उचलला, अंगठा आणि बोटांत धरला आणि दाबला. सुजलेली पेरे पांढरी पडली. अंगठा थरथरू लागला. चिमटा उघडला नाही. तिने तो दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. मग त्यांच्या तळहातावर ठेवून दिला.

"जुने होते तोवर निभत होतं," ती म्हणाली.

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला नापास करून खुर्चीत बसवलं असतं."

तपासनिसांनी चिमटा टोपलीत परत ठेवला. मग त्यांची नजर फळीवरच्या बरण्यांकडे गेली. सगळी झाकणे नुसती टेकवलेली होती.

दुपारी त्यांनी बारीक तारेच्या स्प्रिंगा वळल्या. तिला पुन्हा दाबून दाखव म्हणणे त्यांच्याच्याने होणार नव्हते. त्यांनी आपला पांढरा शर्ट दोरीवर लावला आणि ते खिडकीशी उभे राहिले. साळुंकी आली, झटली आणि हरली. त्यांनी चिमटे उतरवून आणले, तार आणखी बारीक घेतली आणि शर्ट पुन्हा टांगला. ती फिरकेना, तेव्हा त्यांनी कठड्यावर भाकरीचा चुरा टाकला.

अखेर ती आली. चुऱ्याकडे तिने पाहिलेही नाही. तोऱ्यात दोरीच्या टोकापर्यंत चालत गेली, चोच खुपसली आणि उघडली.

शर्ट चिखलात पडला. तपासनिसांनी काच ठोठावली नाही. ते आत वळले, ओल्या कपड्यांची बादली पत्नीपुढे सरकवली आणि म्हणाले, "पास."