जुळलेलं नाव

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळे बसले, तशी व्हर्नाची नात केल्सी उत्साहाने म्हणाली, "आजी, आपण नातेवाईक शोधायला थुंकी डीएनए तपासणीला पाठवली होती ना? त्यात तुझी एक मुलगी सापडलीय! लोरेन नाव तिचं."

सतराव्या वर्षी झालेलं बाळ व्हर्नाने दवाखान्यातूनच दत्तक देऊन टाकलं होतं. नवऱ्याला आजवर तिने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता, आणि तो समोरच बसला होता.

"काहीतरीच काय! मला मुलगी एकच, तुझी आई," व्हर्ना मोठ्याने हसली. "असल्या लबाड बाया म्हातारी माणसं बघून चिकटतात गं."

केल्सीचा चेहरा उतरला. "आजी, हळू बोल ना. मी तिला जेवायला बोलावलंय..."

दारात पन्नाशीची एक बाई केकचा डबा घेऊन उभी होती. हनुवटी थेट व्हर्नाची. तिने सगळं ऐकलं होतं. व्हर्नाला मान वर करवेना.

बाईने तिच्याकडे एकदाच डोळे भरून पाहिलं आणि मग तिच्या नवऱ्याकडे वळून म्हणाली,


"माफ करा हं, मी घर चुकले."