नमुन्याच्या बारा कड्या

मालकांनी नमुन्याच्या खोक्यात हात घातला आणि एक निळी कडी उचलून खिशात टाकली. शेजारच्या टेबलावर तशाच निळ्या कड्यांची टोपली शिगोशीग भरलेली होती. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

कारखान्याच्याच तपासणी खात्याच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, ती नमुन्यातली आहे. प्रयोगशाळेची गाडी फाटकात येऊन थांबलीय. बारा मोजून द्यायच्या असतात."

"ठाऊक आहे हो. सूनबाईने मागितलीय. बाळाला दात येतायत ना. म्हणाली, घरचा कारखाना असताना बाहेरून कशाला आणायची?"

"मग टोपलीतली घ्या की. सकाळचाच माल आहे."

बाईंनी ताटात झुरळ वाढल्यासारखं मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

दात येणाऱ्या बाळांनी चघळायच्या या कड्या कारखाना वर्षाला काही लाख काढत असे. टोपलीतला माल स्वस्त प्लास्टिकचा. ते मुळात कडक असतं, म्हणून मऊ करायला त्यात एक तेलकट रसायन ओतायचं. ते बाळाच्या लाळेत उतरतं आणि पोटात जाऊन काय काय उद्योग करतं, याचे छापील कागद बाईंच्याच कपाटात होते. नमुन्याची तऱ्हा वेगळी. कोपऱ्यातलं जुनं छोटं यंत्र सहा महिन्यांतून एकदा घासूनपुसून लख्ख करायचं, कुलपातला उत्तम माल काढायचा आणि जेमतेम बारा कड्या पाडायच्या. त्या तपासायला पाठवायच्या. प्रमाणपत्र मिळालं की ते टोपलीतल्या मालाला चिकटवायचं. रंग तोच, आकार तोच, वेष्टणावर खिदळणारं गुबगुबीत बाळही तेच.

आणि हा माणूस आता स्वतःच्या नातवासाठी बरोबर त्या बारांतली एक उचलत होता. गेल्याच महिन्यात सगळ्या कामगारांना अंगणात गोळा करून 'प्रत्येक बाळ हे आपलं बाळ' म्हणून यानेच गळा काढला होता. भाषण संपवून उतरला आणि दोनदा साबणाने हात धुतले, कारण दाखवायला हातात टोपलीतली कडी धरली होती. बाईंना त्याची शिसारी आली. तशी त्यांना सगळ्यांचीच येई. मान खाली घालून वेष्टणं चिकटवणाऱ्या बायकांची येई, रंग पाहून कडी विकत घेणाऱ्या आयांचीही येई. या उकिरड्यात आपण तेवढ्या स्वच्छ, असा त्यांचा पक्का हिशोब होता. आपण सही करतो ती फक्त बारा कड्यांवर, आणि त्या बारा खरोखरच निर्दोष असतात. बाकीचं ज्याचं त्याने पाहावं.

"कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या. आज त्यांना राहवलंच नाही. "लाखो पोरांनी टोपलीतली चघळायची आणि तुमच्या नातवाने खोक्यातली. लाज कशी वाटत नाही हो?"

मालक चिडले नाहीत. उलट हसले, आणि ते हसणं बाईंना शिवीपेक्षा लागलं.

"बाई, मागच्या वर्षी तुमची लेक बाळंत झाली. त्या खेपेला अकराच कड्या पडल्या म्हणालात. यंत्रात एक बिघडली म्हणे, म्हणून आणखी एक पाडून घेतलीत. मी काही बोललो का?"

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बोललो नाही, कारण तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. आपण काय परके आहोत का?" मालकांनी खिसा थोपटला. "टोपलीतली एक घाला आणि बारा पुऱ्या करा. दोन-तीनच तर फोडून बघतात ते. त्यांना कुठे कळतंय!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर व्हरांड्यात गेले.

बाई खोक्याकडे पाहत राहिल्या. मागच्या वर्षी ती 'बिघडलेली' कडी त्यांनी जेवणाच्या डब्यातून घरी नेली होती. नातू दिवसभर ती चोखत बसे. लेकीला एवढी आवडली, की शेजारणीच्या पोरीला दात यायला लागल्यावर तिने तशीच एक बाजारातून विकत आणून दिली. "आमच्या आईच्या हाताखालून जातो हा माल, डोळे झाकून दे," असं वर सांगितलं. बाई तेव्हा त्याच खोलीत भाजी निवडत होत्या. ती पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत कडी तोंडात घालून लाळ गाळत होती. बाईंनी भाजी निवडून संपवली.

आता मालकांची किळस करायलाही त्यांना तोंड उरलं नव्हतं. मालक निदान हसून कबूल तरी करत होते. आपण वर्षभर नाक मुरडत बसलो, आणि ते कोणापुढे? नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, लेक आणि नातू दोघं आपल्याच घरात, हे सगळं त्यांना एकदम आठवलं. तरी त्या उठल्या.

गाडीवाला आत आला. खोकं बंद होतं, लाख लावून झाली होती. कागदावर सही होती. त्याने खोकं काखोटीला मारलं आणि तो निघून गेला.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मालक फोन संपवून परत आले.

"दिलंत ना खोकं? टोपलीतली एक घातलीत?"

"एक नाही साहेब," बाई म्हणाल्या. "बाराही."