डासाला एक फटका

मलेरियाच्या लसीवरच्या संशोधनाला गल्लीकडून मदत पाठवायचं ठरलं, तेव्हा शिंपीकाकांनी जाळीचे पंख शिवले, लांबलचक सोंड लावली आणि स्वतःच डास होऊन दुकानाबाहेर उभे राहिले. डब्यात नोट टाकायची आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीने डासाला एक फटका हाणायचा. कपडे वेळेवर न मिळालेली झाडून सगळी गिऱ्हाइकं रांगेत उभी राहिली.

थोड्या वेळाने काकू दुसऱ्यांदा समोर आल्या आणि त्यांनी डब्यात नोट टाकली.

"अगं, मघाशीच हाणलास की!"

"तो लसीसाठी होता."

"आणि हा?"

"गेल्या वर्षी मलेरिया अंगावर काढलात आणि मला दवाखान्याच्या बाकावर रडत बसवलंत, त्याचा."

डासाने मुकाट्याने पाठ पुढे केली.