छातीचा एक्स-रे

रोज संध्याकाळी इंटरनेट जातं, अशी सूनबाईंची तक्रार आली म्हणून मेकॅनिक पुन्हा गच्चीवर चढला. पाहतो तर आजी इंटरनेटच्या उपग्रह-डिशला खेटून उभ्या; हातात आजोबांच्या छातीचा एक्स-रे. डिश बसवताना आजींनी विचारलं होतं, "परग्रहावरची माणसं आपली काळजी वाहतात म्हणे, खरं का रे?" "खरंच की! ह्या डिशमधूनच बघतात," त्याने थाप मारली होती आणि ऑफिसात तो किस्सा रंगवून हशाही मिळवला होता. "बरा आलास बाळा," आजी म्हणाल्या. "डॉक्टरांनी हात टेकलेत. आता वरच्यांवरच भरवसा. माझे हात भरून येतात, तू धरतोस जरा उंच?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला जीभ रेटेना. त्याने एक्स-रे डिशसमोर धरला. खालून सूनबाई ओरडल्या, "अहो, परत गेलं नेट!" त्याचे हात वरच होते, मान वर होईना.