टेरेलीनचा सदरा

पारशिवनीच्या देवाजींनी नागपूरच्या डॉक्टरांपुढे आपला जुना टेरेलीनचा सदरा पसरला. आठ वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्या पोटातली फुगलेली रक्तनळी बदलली, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले होते, नवी नळी टेरेलीनसारख्या कापडाची आहे. परतताना देवाजींनी मुद्दाम त्याच कापडाचा सदरा घेतला. दर दिवाळीला तो उन्हात धरून न्याहाळायचे. सदरा धड, म्हणजे नळी धड.

आता पंधरा दिवसांपासून संडासला काळं होत होतं. डॉक्टर तपासून म्हणाले, नळीपाशी रक्त झिरपतंय.

“काहून झिरपते जी? पाहा न, याची कॉलरबी विरली नाही.”

“कापड नाही फाटलं, आजोबा. त्याला घासून घासून तुमचं आतडं झिजलं. परत पोट उघडावं लागेल, पण या वयात भरवसा नाही देता येत.”

देवाजींना काही उमगेना. ते कधी सदऱ्याकडे, कधी आपल्या पोटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सदऱ्याची नीट घडी केली आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात दिली.

“पोराले देजो वं. याचे अजून लय दिवस बाकी आहेत.”